भिंतीवरचे रान

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना होता. तिथल्या जनावरांत एक गेंडाही होता. १७९० च्या सुमारास गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने त्या गेंड्याचे जलरंगात चित्र काढले. गंगाराम ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी काम करीत असे. वेरूळच्या लेण्यांची त्याने केलेली रेखाटने अभ्यासकांना ठाऊक आहेत, पण हा गेंडा सर्वसामान्य मराठी वाचकाला फारसा माहीत नाही. ते चित्र आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. शिकारखाना गेला, पेशवाईही गेली. एका माणसाने एका जनावराकडे मन लावून पाहिले होते, त्याची नोंद तेवढी उरली. ती उरायला दोन गोष्टी लागल्या. चित्रकाराचा डोळा चोख होता, आणि पुढच्या पिढ्यांनी तो कागद ऊन आणि ओल यांपासून जपला.

या पुस्तकाचा सगळा विषय त्या दोन गोष्टींत मावतो. घरात लावायला निसर्गाचे किंवा वन्यजीवांचे चित्र घ्यायचे तर ते पाहून काढलेले असावे, आणि त्याची चौकट अशी असावी की चित्र आपल्या नातवंडांपर्यंत पोहोचेल. आपल्याकडे या दोन गोष्टींचा विचार वेगवेगळा होतो. चित्र हौसेने, प्रवासात, प्रदर्शनात, कधी भेट म्हणून येते. मग ते गुंडाळी होऊन कपाटावर पडते. वर्षा-दोन वर्षांनी कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याकडे जाते आणि त्याच्या दुकानात त्या दिवशी जी पट्टी असेल ती लागून परत येते. निवड आणि चौकट हा एकच निर्णय आहे, हे मी गेली कित्येक वर्षे मित्रमंडळींना सांगत आलो. ते सविस्तर सांगावे म्हणून हे पुस्तक लिहिले.

प्राण्यांची चित्रे आपल्याला नवी नाहीत. अजिंठ्याच्या भिंतींवर हत्ती, हंस, माकडे आहेत आणि ती जवळून पाहिलेली आहेत. पण ती लेण्याच्या भिंतीचाच भाग आहेत, हलवता येत नाहीत. हातात धरून पाहायचे, जपून ठेवायचे प्राणिचित्र आपल्याकडे खऱ्या अर्थाने फुलले ते मुघल दरबारात. जहांगीर बादशहा स्वतः पाहणारा माणूस होता. सारसांची जोडी अंडी कशी उबवते याची नोंद त्याने आपल्या आठवणींत केली आहे. त्याच्या पदरी उस्ताद मन्सूर होता. मन्सूरचा सायबेरियन क्रौंच कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे, आणि दरबारात भेट म्हणून आलेल्या झेब्र्याचे १६२१ चे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ही चित्रे भिंतीवर लावायची नव्हती. ती मुरक्क्यात, म्हणजे चित्रसंग्रहाच्या बाडात बसवली जात आणि चित्राभोवती हाशिया असे, सोनेरी वेलबुट्टीची रुंद किनार. आजचा फ्रेमवाला चित्राभोवती माउंट कापतो तेव्हा तो हाशियाचेच काम करत असतो. डोळ्याला थांबायला जागा देणे, चित्राला बाहेरच्या गर्दीपासून वेगळे करणे, आणि हाताळताना बोटे रंगावर न पडता कडेवर पडतील अशी सोय करणे, ही तिन्ही कामे त्या किनारीची होती.

राजस्थानात कोट्याच्या चित्रकारांनी अठराव्या शतकात रानालाच नायक केले. त्यांच्या शिकारीच्या चित्रांत राजा एका कोपऱ्यात असतो आणि बाकी सगळा कागद झाडी, खडक आणि वाघ यांनी भरलेला असतो. कंपनी सरकारच्या काळात गिऱ्हाईक बदलले. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश एलिजा इम्पी यांच्या पत्नी मेरी इम्पी यांनी १७७७ नंतरच्या काही वर्षांत शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास या पाटण्याकडच्या चित्रकारांकडून तीनशेहून अधिक प्राणिचित्रे करून घेतली. कागद इंग्लंडचा, पद्धत निम्मी मुघल आणि निम्मी युरोपीय. पांढऱ्या मोकळ्या कागदावर एक पक्षी, एक फांदी, बाकी काही नाही. आजही पक्ष्याचे चित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हीच मांडणी येते. तंजावरला सरफोजी राजे (दुसरे) यांनीही आपल्या चित्रकारांकडून पक्षी, प्राणी आणि वनस्पती अभ्यासपूर्वक चितारून घेतल्या. मराठी राजाच्या या आस्थेचा उल्लेख आपल्याकडे ग्रंथालयापुरता होतो, चित्रांपुरता फार कमी.

याच काळात युरोपात छापील चित्रांची मोठी लाट आली आणि ती आपल्या भिंतींपर्यंत पोहोचली. थॉमस आणि विल्यम डॅनियल यांची हिंदुस्थानातील देखाव्यांची १४४ चित्रे १७९५ ते १८०८ दरम्यान लंडनमध्ये छापली गेली. जॉन गूल्ड यांचा हिमालयातील पक्ष्यांवरचा ग्रंथ १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला आला. त्यातली चित्रे दगडावर उतरवली ती त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी. अमेरिकेतल्या पक्ष्यांवरच्या ऑड्युबनच्या ग्रंथाची ४३५ चित्रे १८२७ ते १८३८ या काळात निघाली. या तिन्ही नावांच्या नकला आज मुंबईच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत आणि हॉटेलांच्या भिंतींवर हमखास भेटतात, म्हणून त्यांच्याबद्दल थोडे थांबून सांगतो.

‘जुने छापील चित्र’ म्हणून जे विकले जाते त्याचे तीन प्रकार असतात. पहिले, त्या काळी खरोखर छापलेले आणि हाताने रंगवलेले पान, जे बहुधा कधीतरी मूळ ग्रंथातून सुटे केलेले असते. दुसरे, नंतरच्या काळातले चांगले पुनर्मुद्रण. तिसरे, गेल्या काही वर्षांत छापून चहाच्या पाण्यात भिजवून जुने केलेले पान. दहापट मोठे दिसणारे साधे भिंग खिशात असेल तर तिसरा प्रकार बहुतेक वेळा ओळखता येतो. आजच्या ऑफसेट छपाईत रंग म्हणजे चार रंगांच्या बारीक ठिपक्यांची नियमित फुले असतात. जुन्या शिलामुद्रणात तसे ठिपके नसतात, दगडावरच्या खडूचा अनियमित रवा दिसतो, आणि वरचा जलरंग कुठे कुठे रेषेबाहेर गेलेला असतो. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राभोवती पत्र्याच्या कडेची दाबलेली चौकोनी खूण असते, बोट फिरवले की जाणवते. ती खूण नसली म्हणजे चित्र खोटेच असे नाही, कारण कडा कापून टाकण्याची वाईट सवय जुन्या चौकटकारांना होती. ग्रंथ फोडून पाने विकण्याच्या व्यवहाराबद्दल माझे मत स्पष्ट आहे: धडधाकट ग्रंथ फोडलेला असेल तर ते पान घेऊ नये. त्यापेक्षा चांगले पुनर्मुद्रण घ्यावे आणि ते पुनर्मुद्रण आहे हे अभिमानाने सांगावे.

महाराष्ट्रात घराच्या भिंतीवर तसबीर आली ती मुख्यतः देवादिकांची. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या चित्रांनी काच, पट्टी आणि खिळा यांचा संबंध घरोघर जोडला. त्या चित्रांत हंस, मोर, हत्ती, हरणे भरपूर आहेत, पण सोबतीला. निसर्ग हाच विषय झाला तो सर जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडलेल्या चित्रकारांच्या जलरंगांत. ही कलाशाळा १८५७ ची, आणि बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ ची. सावळाराम हळदणकरांपासून आजच्या मिलिंद मुळीकांपर्यंत जलरंगाची ही परंपरा अखंड आहे. आपल्याकडच्या निसर्गचित्रांची ही पहिली धारा. घाटातले धुके, ओल्या कौलांवरचे ऊन, भाताची खाचरे हे या परंपरेचे बलस्थान. मराठी मध्यमवर्गाने मूळ चित्र विकत घ्यायला सुरुवात केली ती बहुतांशी याच चित्रांपासून, आणि माझ्या मते आजही पहिल्या खरेदीसाठी यापेक्षा चांगली जागा नाही. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून काळा घोड्याजवळ उभी आहे, तिच्या बाहेर फुटपाथवर चित्रकार बसतात, पुण्या-नाशिकात, कोल्हापुरात सतत प्रदर्शने भरतात. चित्रकाराशी समोरासमोर बोलून, रंग कोणते वापरले हे विचारून चित्र घेता येते.

दुसरी धारा शास्त्राची. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली. सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक १९४१ मध्ये आले आणि त्यातल्या रंगीत चित्रांनी कित्येकांना पहिल्यांदा बाहेर पाहायला शिकवले. क्षेत्रपुस्तिकेसाठी पक्षी रंगवणारा चित्रकार एका पानावर दहा पक्षी बसवतो, पिसांची प्रत्येक पट्टी मोजतो. गोव्याचे कार्ल डिसिल्वा हे या कामातले आपल्याकडचे मोठे नाव. अशा चित्रांना कलादालनांत मान कमी मिळाला, हे मला अन्यायाचे वाटते. दयाळाच्या शेपटीचा कोन अचूक पकडणारा हात हा मोठाच हात असतो.

तिसरी धारा रानातल्या माणसांची. वारली चित्र मुळात लग्नघरातले. गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनींनी काढलेला चौक, मधे पालघाट देवी, भोवती झाडे, पाखरे, जनावरे. ते पुसले जाण्यासाठीच काढलेले असे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे मराठी चित्रकार डहाणूच्या बाजूला पोहोचले. मिथिलेच्या स्त्रियांच्या हाती कागद देण्याचे काम त्यांनी त्याआधी बिहारात केले होते. जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांनी कागदावर, कापडावर काढलेली चित्रे पुढे जगभर गेली आणि त्यांना पद्मश्री मिळाली. मध्य प्रदेशात पाटणगढच्या जनगढसिंह श्याम यांचे असेच झाले. भोपाळच्या भारत भवनाच्या निमित्ताने त्यांची भिंतीवरची चित्रे चित्रकार जे. स्वामिनाथन यांच्या चमूच्या नजरेस पडली आणि गोंड चित्रकलेची एक नवी शाखाच त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. त्यांच्या चित्रातले हरीण शिंगांतून झाड होते, झाडातून पाखरे होतात. इथे ‘पाहून काढलेले’ या माझ्या कसोटीचा अर्थ बदलतो. मन्सूरने एक क्रौंच पाहिला. गोंड किंवा वारली चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या त्या रानात राहिला आहे, तो एका प्राण्याचे रूप काढत नाही, त्याच्याशी असलेले नाते काढतो. दोन्ही पाहणेच आहे. बाजारात उशांच्या अभ्र्यांवर आणि चहाच्या कपांवर जे ‘वारली’ फिरते त्यात यातले काहीच नसते. चित्रकाराचे नाव आणि गाव विचारा. नाव सांगता येत नसेल तर ते चित्र ठेवून द्या.

चौथी धारा छायाचित्राची, आणि आज सर्वांत मोठी. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने रानवाटेवर तार ताणून, रात्री वाघाकडूनच स्वतःचे छायाचित्र काढून घेतले. त्याचे पुस्तक १९२७ चे आहे. बंदुकीच्या काळात कॅमेरा उचलण्याचे धैर्य त्याने केले. आज ताडोब्याला उन्हाळ्यात गेलेल्या प्रत्येक गाडीत लांब भिंगे असतात, आणि वाघाचा समोरून भरलेला चेहरा इतक्या भिंतींवर आहे की तो आता दिसतच नाही. माझा सल्ला असा, की ज्यात प्राणी लहान आणि त्याचे घर मोठे आहे असे छायाचित्र निवडावे. बांबूच्या रांजीत अर्धा दडलेला वाघ, उंच फांदीवरून शेपूट सोडून बसलेले शेकरू, कासच्या सड्यावरची फुले आणि मागे उतरत आलेला ढग. अशी चित्रे वर्षानुवर्षे रोज नवे काही देतात. आणि छायाचित्रकाराला विचारावे की प्राण्याला आमिष दाखवले होते का, घरट्याजवळ जाऊन त्रास दिला होता का. प्रामाणिक माणूस या प्रश्नाने दुखावत नाही.

पाहून काढलेले चित्र ओळखायचे कसे? पाखराचे पाय फांदीला खरेच धरून आहेत का ते बघा. उजेड एकाच बाजूने येतो का ते बघा. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियल फळांनी लगडलेल्या वडा-पिंपळावर उंच बसतो. तो अंगणात दाणे टिपताना रंगवला असेल तर चित्रकाराने पक्षी पुस्तकातून उचलला आहे. घराघरांत असलेले सात धावत्या घोड्यांचे चित्र घ्या. लोक ते श्रद्धेने लावतात आणि त्या श्रद्धेशी माझा वाद नाही. पण १८७८ मध्ये छायाचित्रकार मायब्रिजने घोड्याच्या धावेची ओळीने छायाचित्रे घेतली तेव्हा कळले की चारही पाय हवेत असतात त्या क्षणी ते पोटाखाली गोळा झालेले असतात, पुढे-मागे फाकलेले नसतात. सातही घोडे हवेत पाय फाकून उडत असतील तर ते चित्र कुणी घोडा पाहून काढलेले नाही. श्रद्धेनेच लावायचे तर घोडा खरा असलेले चित्र शोधावे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेने जुळवलेल्या चित्रांनी हा प्रश्न अधिक टोकदार केला आहे. निळ्या रंगाचे घुबड, सहा बोटांचे माकड, कोणत्याच झाडाला न येणारी पाने. ती छापील चित्रे स्वस्त असतात आणि घरातली मुले त्यांवरून रान शिकतात. मला याची काळजी वाटते.

विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्राने घरातल्या चित्रांसाठी शृंगार, हास्य आणि शांत हे रस योग्य ठरवले आणि बाकीचे देवळांकडे, राजसभांकडे सोपवले. मी याला नियम म्हणत नाही. पण हरणाच्या नरड्याला लागलेला बिबट्या जेवणाच्या टेबलासमोर लावू पाहणाऱ्याने हे वाचावे.

आता चौकट. मुंबईच्या आधुनिक कलेच्या इतिहासात एका फ्रेमच्या कारखान्याची जागा फार मोठी आहे, हे तरुण वाचकांना ठाऊक नसते. केकू गांधी यांनी १९४१ मध्ये केमिकल मोल्डिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनी सुरू केली. महायुद्धामुळे मुंबईत अडकलेल्या एका बेल्जियन गृहस्थाची कल्पना तिच्या मुळाशी होती. त्या दुकानाच्या खिडकीत आरा, हेब्बर, हुसेन अशा तरुणांची चित्रे लागू लागली. १९६३ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीच्या वरच्या मजल्यावर केमोल्ड हे कलादालन उघडले. म्हणजे चौकट आधी आली आणि कलादालन नंतर.

चौकटीकडे पाहण्याचे दोन पंथ आहेत. एक सजावटीचा: पट्टी सोफ्याशी जुळवायची, माउंट पडद्याशी. दुसरा जतनाचा: चित्राला काय हवे ते आधी, खोलीला काय शोभेल ते मागाहून. हे पुस्तक उघडपणे दुसऱ्या पंथाचे आहे. सोफा बदलतो. आणि आपल्या हवेत पहिल्या पंथाची चित्रे फार काळ टिकतही नाहीत.

कोकण, मुंबई, गोवा इथे जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. साधारण ६५-७० टक्क्यांपुढे कागदावर बुरशी धरू लागते. कागद ओल शोषून फुगतो, ऑक्टोबरात आकसतो, आणि सगळ्या बाजूंनी चिकटवलेला असेल तर त्याला लाटा येतात. काच थेट चित्राला टेकलेली असेल तर आतली वाफ तिथेच अडकते, छायाचित्राचा थर काचेला चिकटतो आणि मग काढताना निघून येतो. म्हणून चित्र आणि काच यांच्यात अंतर हवे, तेच माउंटचे पहिले काम. वारली चित्राचा पांढरा रंग भुरभुरतो, शेण किंवा गेरू लावलेले कापड जाड असते, तिथे माउंटखेरीज कडेला पट्ट्या घालून काच आणखी वर उचलावी लागते. माउंटबोर्ड आम्लरहित असावा, जमल्यास पूर्ण सुती. साध्या बोर्डातल्या लाकडाच्या लगद्याचे आम्ल काही वर्षांत चित्राभोवती तपकिरी रेघ ओढते, आणि ती कागदावरून जात नाही. चित्र माउंटला चिकटवायचे ते वरच्या कडेला दोन ठिकाणी, जपानी कागदाच्या पट्टीने आणि गव्हाच्या खळीने. सेलोटेप आणि रबराचा गोंद यांना जागा नाही. पाठीला हार्डबोर्ड असेल तर चित्र आणि त्याच्या मधे आम्लरहित पुठ्ठा घालावा, कारण आम्ल, वाळवी आणि कसर पाठीकडूनही येतात.

जतनाचा सगळा विचार एका तत्त्वावर उभा आहे: जे केले ते उद्या निघाले पाहिजे. आपल्याकडे छायाचित्र एमडीएफच्या फळीला चिकटवून वर प्लास्टिकचा थर देतात, त्याला लॅमिनेशन म्हणतात. पोस्टरसाठी ते ठीक. सही केलेल्या मूळ चित्रासाठी, मर्यादित प्रतींतल्या मुद्रणासाठी ते कधीही करू नये. ते परत सुटे होत नाही. तेलरंगाला आणि कॅनव्हासवरच्या ॲक्रिलिकला काच नको, त्याला वार्निश असते आणि मोकळी हवा लागते.

फ्रेमवाल्याशी बोलताना पैसे कुठे घालायचे हे ठरवून जावे. माझा आग्रह असा की पट्टीवर कमी आणि माउंट, पाठ, काच यांवर जास्त. साधी सागवानी पट्टी तीस वर्षे टिकते. सोनेरी सिंथेटिक पट्टीचे कोपरे दोन पावसाळ्यांत सुटतात. माउंटची खालची बाजू वरच्यापेक्षा अर्धा-पाऊण इंच जास्त ठेवली तर चित्र खाली घसरल्यासारखे दिसत नाही. उजेडाबद्दल संग्रहालये फार कडक असतात, कागदावरच्या कामाला ५० लक्स आणि तेलरंगाला २०० च्या आसपास. घरात ते पाळता येणार नाही, पण पश्चिमेचे ऊन थेट पडणारी भिंत टाळता येते. जलरंगातला अलिझारीन क्रिम्झन उन्हाने उडतो, मातीचे रंग टिकतात. म्हणून तर चित्रकाराला रंगांची नावे विचारायची. न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि पावसाचा मारा घेणारी नैर्ऋत्येची भिंतही नको. फ्रेमच्या पाठीला खालच्या दोन कोपऱ्यांत रबराची बुचे लावली की भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. हे काम दहा रुपयांचे आहे.

कायद्याचीही एक बाजू आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याआधी श्रीमंत घरांच्या भिंतींवर वाघाची कातडी आणि सांबराची शिंगे असत. आता मालकी प्रमाणपत्राशिवाय ती बाळगता येत नाहीत आणि विकता तर येतच नाहीत. पण नव्या रूपात हा व्यवहार चालू आहे. फ्रेममध्ये टाचलेली फुलपाखरे भेट म्हणून दिली जातात, त्यांतल्या कित्येक जाती संरक्षित असतात. ‘इंद्रजाल’ म्हणून वास्तुदोषासाठी काळ्या फांद्यांची जी चौकट विकतात ती कोणतीही वनस्पती नाही. ते समुद्रातले प्रवाळ असते, काळे प्रवाळ किंवा समुद्रपंखा, आणि त्याला वाघाच्याच अनुसूचीतले संरक्षण आहे. चित्रकारांचे आवडते मुंगसाच्या केसांचे कुंचलेही बेकायदा आहेत. एका कुंचल्यामागे मारलेले जनावर असते. रानाचे चित्र रान मारून तयार झालेले नसावे, एवढे गिऱ्हाईकाने बघितलेच पाहिजे.

हे पुस्तक आत्ताच का? कारण चांगली छपाई आता आवाक्यात आली आहे. सुती कागदावर रंगद्रव्याच्या शाईने केलेले मुद्रण नीट ठेवले तर माणसाच्या आयुष्याहून जास्त टिकते, आणि मूळ चित्र न परवडणाऱ्या घरातही १२/५० असा पेन्सिलीने क्रमांक घातलेली, चित्रकाराची सही असलेली प्रत येऊ शकते. त्या क्रमांकाचा अर्थ पन्नासच प्रती, एकावन्नावी नाही, आणि हा शब्द विक्रेत्याकडून लेखी घ्यायचा असतो. चित्र विकत घेतले तरी त्याच्या प्रती काढण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो, हेही इथेच सांगतो. दुसरे कारण घरांचे. फ्लॅटच्या खिडकीतून समोरची इमारत दिसते, मुलांच्या डोळ्यांपुढे झाड येते ते पडद्यावर. अशा घरात रोज नजर जाईल तिथे खरे पाहिलेले एक पाखरू असणे मला महत्त्वाचे वाटते. आणि ज्या सड्यांची, देवरायांची, माळरानांची चित्रे आज विकत मिळतात त्यांतली काही ठिकाणे आपल्या डोळ्यांदेखत बदलत आहेत. माळढोकाचे चित्र आज घेणारा महाराष्ट्रातला माणूस ते किती दुर्मिळ झालेल्या पक्ष्याचे चित्र आहे हे जाणूनच घेतो.

या पुस्तकात गुंतवणुकीचा सल्ला नाही. कोणत्या चित्रकाराची किंमत वाढेल हे मी सांगत नाही, आणि ते सांगणाऱ्यांच्या मागेही जाऊ नये असे मला वाटते. किमतींचे तक्तेही दिलेले नाहीत, कारण ते छपाई होईपर्यंत जुने होतात. त्याऐवजी प्रश्न दिले आहेत: चित्रकाराला विचारायचे, विक्रेत्याला विचारायचे, फ्रेमवाल्याला विचारायचे. फ्रेमवाल्यांसाठी एक भाग मुद्दाम वेगळा आणि सोप्या भाषेत लिहिला आहे. तो फाडून दुकानात नेला तरी चालेल. त्यांच्याकडे हाताचे कौशल्य भरपूर असते. आम्लरहित बोर्ड मागणारे गिऱ्हाईकच त्यांना भेटलेले नसते, म्हणून ते ठेवत नाहीत. चार जणांनी मागितला की ठेवतील. छायाचित्रकारांसाठीचे तपशील, कागदांचे प्रकार आणि जुन्या चित्रांची तपासणी हे भाग आकृत्यांसह आहेत, कारण ते शब्दांत सांगून पुरत नाही.

पुस्तक सुरुवातीपासून वाचण्याची गरज नाही. घरात आधीच एखादे चित्र असेल तर तिथून सुरू करा. पावसाळा संपून ऑक्टोबरची कोरडी उन्हे पडली, दिवाळीची झाडलोट निघाली की ती फ्रेम भिंतीवरून उतरवा, पालथी ठेवा आणि पाठीचा कागद बघा. कडेने ओलीचे डाग आहेत का, कसरीची बारीक धूळ पडते का, माउंटच्या तिरप्या कापाची पांढरी कड तपकिरी झाली आहे का. झाली असेल तर जतनावरचा भाग आधी उघडा. फ्रेमवाल्याकडे जाताना तो सोबत ठेवा, आणि काच काढताना त्याच्यासमोर उभे राहा.